अर्धपोकळ गिटार घेताना

श्रोतेहो, विषयाचे नाव ऐकून तुमच्यापैकी पुष्कळजण म्हणतील, "हे आमच्या कामाचे नव्हे. आमच्याकडे भजनाला पेटी आहे, मृदंग आहे. गिटार शहरातल्या पोरांची." पण तसे आता राहिलेले नाही. आमच्या महाविद्यालयात तालुक्यातालुक्यांतून मुले येतात. त्यांतली पाच-सहा तरी दरवर्षी गिटार शिकू लागतात, आणि दोन वर्षांनी त्यांतला एखादा घरी विषय काढतो : "मला विजेवरची गिटार घ्यायची आहे." वडील गावच्या मास्तरांना विचारतात. मास्तर बिचारे कोणाला विचारणार? मी शिकवतो तर्कशास्त्र. गिटार हा माझा संध्याकाळचा छंद. त्या छंदातून जे कळले ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

पैसा थोडा नसतो. शेतकऱ्याच्या घरात या रकमेतून बियाणे येते, पोरीची फी भरली जाते. म्हणून वस्तू घ्यावी की नाही, घेतली तर कोणती, आणि दुकानात ती पारखायची कशी, हे तीन प्रश्न आपण क्रमाने घेऊ.

पहिल्याचे उत्तर चटकन देतो. ज्याने अजून साधी लाकडी गिटार वर्षभर नेमाने वाजवलेली नाही, त्याला विजेवरची घेऊन देऊ नका. बोटांना घट्टे पडू द्या, चार गाणी सुरात येऊ द्या. तोवर साधी गिटार पुरे. पण वर्ष-दीड वर्ष झाले, हात बसला, गावच्या ऑर्केस्ट्रात किंवा कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये साथ करायची वेळ आली, तर मुलाची मागणी हट्ट म्हणून उडवून लावू नका. ती गरज झालेली असते.

आता वस्तू समजून घेऊ. तंबोऱ्याचे उदाहरण घ्या. मिरजेला तंबोरे घडतात, त्यांना पंढरपूर भागातले भोपळे लागतात. तारेचा आवाज मुळात अगदी बारीक. भोपळ्याच्या पोकळीत तो घुमतो म्हणून आपल्या कानी भरघोस येतो. साध्या गिटारीचे पोटही हेच काम करते. विजेच्या गिटारीत मात्र तारांखाली लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे असते. याला पिकअप म्हणतात. वरची पोलादी तार हलली की वेटोळ्यात अगदी अल्प वीज निर्माण होते, आणि अँप्लिफायर तिला मोठे करून कर्ण्यातून ऐकवतो. म्हणजे आवाजासाठी पोकळीची गरज उरली नाही. लाकडाचा भरीव ठोकळा असला तरी चालते, आणि तशा भरीव गिटारीच आज जास्त खपतात.

मग अर्धपोकळ कशाला? त्याची हकीकत अशी. आरंभी पोकळ गिटारीलाच पिकअप बसवत. अमेरिकेतल्या गिब्सन कंपनीने १९३६ साली तशी गिटार बाजारात आणली. आवाज गोड, पण एक खोड होती. शाळेच्या गॅदरिंगला मायक्रोफोन कर्ण्यासमोर नेला की कर्णा कसा "कूंऽऽ" करून ओरडतो, ते तुम्ही ऐकले असेलच. कर्ण्याचा आवाज मायक्रोफोनमध्ये शिरतो, तो मोठा होऊन कर्ण्यातून निघतो, पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरतो. पोकळ गिटारीचे तेच होई. कर्ण्याच्या आवाजाने तिचे पोट थरथरे, त्याने तारा हलत, आणि ओरड सुरू होई.

लेस पॉल नावाच्या अमेरिकन वादकाने १९४०च्या सुमारास यावर एक धाडसी उपाय केला. घराला लावतात तसा चौकोनी लाकडी खांब घेतला, त्याला दांडी, तारा आणि पिकअप बसवले, आणि वाद्य दिसावे म्हणून दोन्ही बाजूंना एका गिटारीचे दोन अर्धे चिकटवले. पुढे १९५८ साली गिब्सनने मिशिगन राज्यातल्या कालामाझू गावच्या कारखान्यात ई.एस. ३३५ ही गिटार काढली. तिच्यात याच दोन गोष्टींचा मेळ होता. मधोमध दांडीपासून शेपटापर्यंत भरीव लाकडाची तुळई, आणि तिच्या डाव्या-उजव्या बाजूंना पोकळ पंख. तुळई ओरड आवरते, पंख आवाजाला थोडी ऊब देतात. रुंदी १६ इंच, पण जाडी पावणेदोन इंचच. आज स्वस्तात मिळणाऱ्या अर्धपोकळ गिटारी बहुतेक याच नमुन्यावर बेतलेल्या असतात.

ही गिटार कोणी घ्यावी? ज्याला भावगीताची साथ करायची आहे, जुन्या सिनेमाची गाणी वाजवायची आहेत, जाझ किंवा ब्लूज आवडते, त्याने. कानठळ्या बसवणारे संगीत ज्याला हवे त्याला भरीव गिटार बरी. अर्धपोकळीचा आणखी एक फायदा खेड्यात फार मोलाचा आहे. वीज गेली तरी ती मंद आवाजात ऐकू येते, एकट्याचा रियाज थांबत नाही.

मूळ गिब्सन फार महाग. तिचा विचार सोडा. एपिफोन ही कंपनी १९५७ सालापासून गिब्सनच्याच घरची. ती तोच नमुना आशियातल्या कारखान्यांत करवून पुष्कळ कमी किमतीत देते. जपानच्या आयबानेझ कंपनीने २००२ साली आर्टकोर ही स्वस्त मालिका काढली. ग्रेट्श कंपनीचीही स्ट्रीमलायनर नावाची तशीच मालिका आहे. पण नावावर जाऊ नका. एकाच कारखान्यातून निघालेल्या दोन गिटारींत एक सरळ आणि एक वाकडी निघू शकते. हातात घेतलेली वस्तू पारखायची.

इथे दोन गैरसमज दूर करतो. दुकानदार कधी म्हणतो, "ही प्लायवुडची आहे, म्हणून स्वस्त, अस्सल लाकडाची घ्या." साध्या गिटारीच्या बाबतीत या बोलण्यात तथ्य असते. अर्धपोकळीच्या बाबतीत नसते. १९५८ सालची मूळ गिटारसुद्धा पातळ थर चिकटवून केलेल्या लाकडाचीच होती. आपल्या पावसाळी हवेत असे लाकूड तडकतही कमी.

दुसरा गैरसमज महागात पडतो. बाहेरून सारखी दिसणारी प्रत्येक गिटार अर्धपोकळ नसते. एपिफोनची कसिनो दिसायला जवळपास तशीच, पण ती पूर्ण पोकळ. ती वाईट नाही, तिचे काम वेगळे. माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी म्हैस विकून आलेल्या पैशातून त्याला गिटार घेऊन दिली. दुकानदाराने अर्धपोकळ म्हणून दिली ती निघाली पोकळ. घरी कोणाला कळले नाही. गणपतीच्या मांडवात मोठ्या कर्ण्यांपुढे उभा राहिला तेव्हा ती अशी ओरडू लागली की पहिल्याच गाण्याला त्याला वाद्य खाली ठेवावे लागले. पोराने पुढे वर्षभर हात लावला नाही. नुकसान पैशाचे झालेच, पण त्याहून मोठे झाले ते त्याच्या मनाचे.

हे टाळायला अर्धा मिनिट लागतो. गिटारीच्या तोंडावर एफ या इंग्रजी अक्षराच्या आकाराची दोन छिद्रे असतात. एका छिद्रातून बॅटरीचा प्रकाश टाकून आत बघा. मध्ये लाकडाची भिंत दिसली तर तुळई आहे. आरपार पलीकडच्या छिद्रापर्यंत दिसले तर पोकळ आहे. बस्स, एवढेच.

आता बाकीची पारख. मास्तरांनी ही कागदावर लिहून घ्यावी.

पहिली गोष्ट दांडी. बंदुकीचा नेम धरावा तशी गिटार डोळ्यापाशी धरून दांडीच्या कडेने पाहा. पिळलेली दिसली तर सोडून द्या. मग जाड तार पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर एकदम दाबा. ताणलेली तार म्हणजे सरळ पट्टीच. सातव्या-आठव्या पडद्यापाशी तार आणि पडदा यांत पत्त्याच्या पानाएवढी फट हवी. थोडे कमीजास्त असेल तर दांडीतल्या लोखंडी सळईने सुधारता येते, पण ते काम जाणत्याचे.

दुसरी गोष्ट पडदे. सतारीचे पडदे सरकवता येतात, गिटारीचे लाकडात कायमचे ठोकलेले. दांडीच्या कडेने बोट फिरवा. टोके बोचली तर कारागिरी हलकी. मग प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर वाजवा. वेळ लागतो, लागू द्या. दुकानदाराच्या चेहऱ्याकडे बघू नका. कुठे तार खरखरली तर खूण करून ठेवा.

तिसरी गोष्ट सूर. बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर असतो. म्हणून खुली तार षड्ज मानली, तर बाराव्या पडद्यावर तिचा तार षड्ज निघाला पाहिजे. ज्यांच्या कानात पेटीचे सूर बसले आहेत त्यांना फरक लगेच कळेल. नाहीतर मोबाइलवर सूर दाखवणारी सोय असतेच. थोडी चूक घोडीवरचे स्क्रू फिरवून जाते. फार चूक असेल तर घेऊ नका.

चौथी गोष्ट, आणि अर्धपोकळीत ही सर्वांत महत्त्वाची, आतली वायरिंग. भरीव गिटारीला पाठीमागे झाकण असते. ते उघडले की दुरुस्ती सोपी. अर्धपोकळीला बहुधा झाकणच नसते. बटणे, तारा, जोड सारे त्या एफच्या छिद्रातून दोऱ्याने ओढून बाहेर काढावे लागते आणि तसेच परत बसवावे लागते. तालुक्याच्या गावी हे करणारा माणूस सहजी मिळत नाही. तेव्हा दुकानातच अँप्लिफायरला जोडून चारही बटणे गोल फिरवा. खरखर येते का? पिकअप बदलण्याची कळ तिन्ही जागी नेऊन पाहा. वायर जिथे खोचतो ती जागा हलवून पाहा. आवाज तुटला तर दुसरी मागा.

जुनी गिटार घेत असाल तर जिथे दांडी संपून खुंट्यांचे डोके मागे कलते, तिथे पाठीमागून नीट बघा. या नमुन्याच्या गिटारी पडल्या की हमखास तिथेच मोडतात, आणि वरून रंग दिला की भेग लपते.

पैशाची वाटणी कशी करावी? मी मुलांना सांगतो, शंभर रुपये असतील तर साठ गिटारीला, पंचवीस छोट्या अँप्लिफायरला, आणि पंधरा वायर, पिशवी, तारांचा जास्तीचा संच व जाणत्याकडून एकदा जुळणी यांना ठेवा. स्वस्त गिटारीची जुळणी कारखान्यात अर्धवटच झालेली असते. तारा बाराव्या पडद्यापाशी दोन मिलिमीटरच्या आसपास आल्या, की तीच गिटार दुप्पट किमतीची वाटू लागते. सगळे शंभर गिटारीत घातले, तर घरी येते ती मुकी वस्तू.

आता शेवटचे सांगतो, आणि हे पैशाचे नाही, जिवाचे आहे. विजेच्या गिटारीच्या तारा आणि सारे धातू वायरीमार्फत अँप्लिफायरच्या अर्थिंगला जोडलेले असतात. घरात अर्थिंग धड असेल तर यात संरक्षण आहे. नसेल तर वाजवणाऱ्याची बोटे संकटात. लेस हार्वे नावाचा स्कॉटिश गिटारवादक १९७२ साली स्वान्सी शहरात भर कार्यक्रमात गेला. हातात गिटार, मायक्रोफोनचे अर्थिंग सदोष, आणि मायक्रोफोनला लागलेला हात, एवढे पुरले. आपल्याकडे तर तीन पिनांच्या प्लगची जाड पिन "बसत नाही" म्हणून काढून टाकणारे महाभाग आहेत, आणि मांडवात आकडा टाकून वीज घेणारेही. तेव्हा अँप्लिफायर घरी येण्याआधी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. खड्ड्यात मीठ-कोळसा टाकून कधीकाळी अर्थिंग केलेले असेल, तर उन्हाळ्यात तिथे पाणी पडते का ते बघा. गळती होताच वीज तोडणारी कळ बसवून घ्या. ती गिटारीच्या मानाने स्वस्त आहे, आणि पंपाला, फ्रिजलाही उपयोगी पडते. ओल्या हाताने, अनवाणी, ओल्या जमिनीवर उभे राहून वाजवू देऊ नका.

बी. बी. किंग हे या जातीच्या गिटारीचे सर्वांत नावाजलेले वादक. जन्म १९२५चा, मिसिसिपीतल्या कापसाच्या मळ्यावरचा. लहानपणी त्यांनी कापूस वेचला. १९४९ साली एका नाचाच्या जागी दोघांच्या मारामारीत रॉकेलचे भांडे कलंडून आग लागली. किंग बाहेर निसटले, पण गिटार आत राहिली म्हणून पुन्हा आगीत शिरले आणि थोडक्यात वाचले. मारामारी ल्यूसिल नावाच्या बाईवरून झाली होती असे कळले, तेव्हा त्यांनी आपल्या गिटारीला तेच नाव दिले. असला वेडेपणा पुन्हा करायचा नाही, याची आठवण म्हणून. १९८०मध्ये गिब्सनने त्यांच्यासाठी याच नावाची गिटार काढली. ओरड आणखी कमी व्हावी म्हणून तिला एफची छिद्रेच ठेवली नाहीत.

तुमच्या घरी मागणी आली, तर पोराबरोबर स्वतः दुकानात जा. शिक्षकांनी शक्य असेल तर सोबत जावे; कान जाणता असला की पुरे, गिटार वाजवता यायलाच हवी असे नाही. घाई करू नका, दोन-तीन गिटारी हाताळून बघा. घरबसल्या मागवणार असाल, तर परत घेण्याची मुदत किती ते आधी वाचा, आणि पार्सल आल्याच्या दिवशीच ही सगळी पारख उरका. सगळी पारख करूनही एकही पसंत पडली नाही, तर रिकाम्या हाताने परत या. पोरगा चार दिवस रुसेल, पण त्याची जुनी लाकडी गिटार घरात आहेच. रियाज चालू राहील.