आजोबांची दुनळी, नातवाचा खांदा



मावळ, मुळशी, खेड या तालुक्यांतल्या काही जुन्या घरांत अजूनही एखादी डबल बार सापडते. बारा बोअरची, शेजारी-शेजारी दोन नळ्यांची, विलायती बनावटीची. पणजोबांनी किंवा आजोबांनी रानडुकरांपासून पीक राखायला घेतलेली. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकारीचे दिवस संपले. पुढे चाकणच्या माळावर कारखाने आले, कित्येकांच्या जमिनी गेल्या आणि राखण करायला पीकच उरलं नाही. बंदूक मात्र राहिली. रीतसर अर्ज करून वारसाला परवाना मिळतो आणि कंपनीत शिफ्टला जाणारा नातू ती पहिल्यांदा हातात घेतो. नळ्या बंद केल्या तरी किंचित हलतात, एक घोडा अडतो, दस्ता गालाला नीट लागत नाही. मग त्याच्या मनात येतं, भोसरीत आपल्या मित्राचं वर्कशॉप आहे, लेथ आहे, व्हीएमसी आहे. एवढासा पार्ट बनवायला कितीसा वेळ लागणार?

या नातवाला मला थांबवायचं आहे. त्याची हौस खोटी नाही आणि मित्राचं कसबही कमी नाही, तरीही.

पहिलं कारण कायद्याचं. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात ‘अग्निशस्त्र’ या व्याख्येत बंदुकीचे सुटे भागही येतात. पाचव्या कलमाप्रमाणे शस्त्र बनवणं, बदलणं, एवढंच नाही तर दुरुस्त करणं यालाही स्वतंत्र परवाना लागतो. तुमच्याकडे बंदूक बाळगण्याचा परवाना आहे म्हणून मित्राला तिची दुरुस्ती करण्याचा अधिकार मिळत नाही. मैत्रीखातर घासून दिलेली एक पिनसुद्धा दोघांना अडचणीत आणू शकते. परवान्याशिवाय नळी आखूड करायला तर सहाव्या कलमाने वेगळी मनाई आहे. म्हणून काम कितीही छोटं असो, ते परवानाधारक बंदूक-कारागिराकडेच न्यायचं, आणि नेताना आपला परवाना बरोबर ठेवायचा.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण ते त्या वस्तूच्या जन्मातच आहे. चाकणला गाडीच्या लाइनवर जो बोल्ट येतो, तो कुठल्याही गाडीला बसतो. ड्रॉइंग एक, टॉलरन्स एक, गो-नोगो गेज एक. आपल्या पट्ट्याची सगळी रोजीरोटी या तत्त्वावर उभी आहे. एकोणिसाव्या शतकातली किंवा विसाव्याच्या सुरुवातीची चांगली विलायती दुनळी या तत्त्वावर बनलेलीच नाही. बर्मिंगहॅमचा ‘गन क्वार्टर’ म्हणजे छोट्या छोट्या शेडची वस्ती होती. नळ्या घासणारा एक, कळ बनवणारा दुसरा, दस्ता बसवणारा तिसरा. माल या शेडमधून त्या शेडमध्ये जायचा. जॉबवर्कची ही पद्धत भोसरीकरांना समजावून सांगायला नको. पण तिथे दोन भाग एकमेकांना बसवताना दिव्याची काजळी लावत. भाग जुळवून बघायचे, काजळी जिथे पुसली जाईल तेवढाच उंचवटा कानशीने काढायचा, पुन्हा काजळी, पुन्हा कानस. आपल्या टूलरूममध्ये डाय जुळवताना निळा रंग लावून हेच करतात. असं जुळवलेलं अंग दुसऱ्या बंदुकीत बसत नाही, मग ती त्याच कंपनीची आणि त्याच वर्षाची का असेना.

म्हणूनच जुन्या दुनळीत ‘ओरिजिनल पार्ट’ दुकानात मागून मिळत नाही. तो ओरिजिनल आहे की नाही, हे त्या बंदुकीवरूनच ओळखायचं. नळ्यांच्या खालच्या सपाट बाजूवर, मधल्या पोलादी अंगावर आणि पुढच्या लाकडाखालच्या लोखंडावर एकच क्रमांक ठोकलेला असतो. ते तिन्ही जुळले, तर बंदूक एकसंध आहे. क्रमांक वेगळे निघाले, तर कधीतरी कुणीतरी दोन बंदुकांची एक केली आहे. स्क्रूंकडेही नीट बघावं. उत्तम कारागीर प्रत्येक स्क्रूची खाच नळीच्या रेषेत येईल असा तो बसवत असे. खाच तिरकी थांबत असेल किंवा तिच्या कडा चुरडल्या असतील, तर तिथे परका हात लागलेला आहे. त्या स्क्रूंचे आटेही आपल्या मेट्रिक टॅपला जुळतीलच असं नाही. जुळत नसताना टॅप फिरवला की जुना आटा कायमचा गेला.

आपल्या भागात सहज होणाऱ्या दोन चुका सांगतो. नळ्या सैल झाल्या की त्यांच्या खालच्या, बिजागरीच्या पिनेत अडकणाऱ्या आकड्यावर वेल्डिंगचा थर चढवावासा वाटतो. पण दोन नळ्यांना जोडणाऱ्या पट्ट्या बहुधा कथलाच्या डागाने बसवलेल्या असतात आणि कथील २३२ अंशांना वितळतं. थोडी आच जास्त झाली की पट्टी सुटते आणि नळ्यांची जुळणीच बिघडते. सैल नळ्यांवर खरा इलाज बिजागरीची पिन बदलण्याचा आहे, आणि ती पिन त्या एकाच बंदुकीसाठी हाताने जुळवावी लागते.

दुसरी चूक रंगाची. नळ्यांचा काळा-निळा रंग उडाला की ब्लॅकोडायझिंग आठवतं, गल्लोगल्ली टाक्या आहेत. त्या टाकीतला उकळता कॉस्टिक कथील आणि शिसं खातो, आणि पट्टीखाली शिरलेला क्षार पुढे वर्षानुवर्षं आतून गंज धरतो. बाहेरून चकचकीत दिसणारी नळी आतल्या बाजूने कुजत राहते. जुन्या दुनळीला तो रंग मुद्दाम हळूहळू गंज चढवून, उकळून, घासून, असा पुन्हा पुन्हा द्यावा लागतो. त्याला दिवस लागतात. तेवढं करवायचं नसेल, तर उडालेला रंग तसाच राहू द्यावा. त्याने बंदुकीचं काहीच बिघडत नाही.

आता दस्त्याकडे येतो. दुनळीला रायफलसारखी नेम धरायची मागची खाच नसते, पुढे फक्त एक बारीक मणी असतो. मागच्या खाचेचं काम नेमबाजाचा डोळा करतो, आणि तो डोळा कुठे यावा हे दस्ता ठरवतो. डोळ्यापासून मण्यापर्यंत साधारण ९५ सेंटिमीटर अंतर धरा. गाल टेकतो ती कड ३ मिलिमीटर खाली गेली, तर ३५ मीटरवर छर्रे सुमारे ११ सेंटिमीटर खाली जातात. आजोबांचा नेम अचूक होता आणि नातवाचा लागत नाही, यात हाताचा दोष क्वचितच असतो. आजोबांची मान, गालाचं हाड, हाताची लांबी वेगळी होती.

चार मापं महत्त्वाची. पुढच्या चापापासून दस्त्याच्या मागच्या टोकाच्या मध्यापर्यंतची लांबी. विलायती बंदुकांत ती बहुधा साडेचौदा इंचांच्या आसपास असते. नळ्यांवरची सरळ रेषा मागे वाढवली, तर तिच्यापासून दस्ता गालाशी किती खाली आहे आणि टोकाशी किती खाली आहे, ही दोन मापं. साधारण दीड इंच आणि सव्वादोन-अडीच इंच. चौथं माप वळणाचं. उजव्या खांद्यावर बंदूक धरणाऱ्यासाठी दस्ता किंचित उजवीकडे झुकवलेला असतो. डावखुऱ्या नातवाला आजोबांची बंदूक सहसा जुळत नाही, त्याचं कारण हे.

पॅरिसच्या २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरजवळच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने रायफलमध्ये कांस्यपदक मिळवलं. त्या खेळातल्या रायफलींचा गालपट्टा आणि खांद्याची पट्टी स्क्रूने मिलिमीटर-मिलिमीटर सरकवता येते. जुन्या दुनळीच्या अक्रोडाच्या दस्त्यात अशी सोय नाही. त्यामुळे लाकडाला हात लावण्याआधी तात्पुरते उपाय करून बघावेत. बंदूक रिकामी आहे याची दोनदा खात्री करायची, आरशासमोर डोळे मिटून ती खांद्याला लावायची आणि मग डोळे उघडायचे. डोळा नळ्यांच्या मधोमध, पट्टीच्या किंचित वर दिसला पाहिजे. दस्ता आखूड पडत असेल तर टोकावर चढवायची चामडी टोपी वापरावी. गाल खाली जात असेल तर कडेवर चामड्याची पातळ पट्टी बांधावी. काही महिने असे काढले की खरं माप कळतं. नंतर गरज पडली, तर जाणता कारागीर गरम तेलाने दस्त्याचं ‘मनगट’, म्हणजे पकडीचा बारीक भाग, तापवून दस्ता हळूहळू वळवू शकतो. लाकूड कापावं लागत नाही.

कापायचंच ठरलं, तर ते सगळ्यात शेवटी, आणि कापलेला तुकडा टाकू नये. त्याच झाडाचं, त्याच रेषांचं ते लाकूड आहे. पुढच्या पिढीत कुणी उंच निघालं, तर तोच तुकडा परत जोडता येईल. टोकाला शिंगाची किंवा एबोनाइटची जुनी पट्टी असेल, तर तीही जपावी. माझ्या मते माणसाच्या अंगाला दस्ता जुळवणं म्हणजे बंदुकीचं जुनेपण बिघडवणं नव्हे. ती मुळातच एका माणसाच्या अंगाला जुळवून घेतलेली वस्तू आहे. बिघडतं ते घाईने आणि न मोजता केलेल्या कामाने.

बंदूक ठेवताना नळ्यांची तोंडं खाली करून ठेवावी. नाहीतर तेल ओघळत दस्त्याच्या पुढच्या टोकात मुरतं, लाकूड मऊ पडतं आणि एके दिवशी तिथेच चीर जाते.

एक गोष्ट मी मुद्दाम शेवटी ठेवली, कारण तिथे जिवाशी गाठ आहे. जुन्या विलायती दुनळीचं काडतुसाचं घर पुष्कळदा अडीच इंचांचं, म्हणजे ६५ मिलिमीटरच्या काडतुसाचं असतं. आज ७० ची काडतुसं सर्रास मिळतात. हा आकडा उडवल्यानंतर तोंड उघडलेल्या नळकांड्याच्या लांबीचा असतो. न उडवलेलं काडतूस त्यापेक्षा आखूड, त्यामुळे ७० चं काडतूस ६५ च्या घरात आरामात शिरतं आणि काही चुकतंय हे कळतही नाही. उडताना मात्र त्याचं तोंड उघडायला जागा मिळत नाही आणि दाब धोक्याच्या पातळीपर्यंत चढू शकतो. नळ्यांच्या खालचे दाब-परीक्षेचे शिक्के परवानाधारक कारागिराला दाखवा, घराची लांबी मोजून घ्या आणि नळीचा आतला व्यास मागच्या टोकापासून नऊ इंचांवर बोअर गेजने मोजायला सांगा. बारा बोअरचा मूळ व्यास ०.७२९ इंच. शिक्क्यात नोंदलेल्या मापापेक्षा नळी ०.०१० इंचाहून जास्त मोठी झाली असेल, तर विलायतेच्या नियमाने तिची जुनी परीक्षा रद्द समजली जाते. ही मापं हातात येईपर्यंत त्या बंदुकीत कुठलंही काडतूस घालू नका.