किती वर्षांचें नातें चिरकाळाचें म्हणावें?
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवप्रसंगीं केलेलें भाषण)



या महोत्सवानिमित्त विवाहनोंदवहीचीं जुनीं पानें चाळीत असतां एका तरुणाचा प्रश्न आम्हांस आठवला. "फादर, किती वर्षांचा स्नेह असला म्हणजे तो कायमचा समजावा?" असें त्यानें विचारलें होतें. तेव्हां आम्हीं हसून वेळ मारून नेली. आज उत्तर देणें आमचें कर्तव्य आहे.

ख्रिस्तसभेनें या बाबतींत वर्षें कधींच मोजलीं नाहींत. दहा वर्षांच्या ओळखीनें विवाह होत नाहीं; वधूवरांच्या मोकळ्या मनाच्या संमतीनें तो होतो. ती संमति त्यांच्याऐवजीं आईबाप, धर्मगुरु वा सरकार, कोणीही देऊं शकत नाहीं. पूर्वीं युरोपांत ही संमति गुपचूप दिली तरी विवाह बंधनकारक ठरत असे. परिणाम असा होई कीं, एकांतांत शब्द देणारा पुरुष पुढें चारचौघांत तो नाकारी व दुसरीशीं विवाह लावी. लग्न ठरल्याचें मंदिरांत आधीं जाहीर करण्याचा नियम १२१५ सालच्या लॅटरन परिषदेनें सर्वत्र लागू केला होता. तोही पुरा पडला नाहीं. म्हणून ट्रेंटच्या धर्मपरिषदेनें १५६३ सालीं धर्मग्रामाचे धर्मगुरु व दोन-तीन साक्षीदार यांच्यासमक्षच विवाह व्हावा, असें ठरविलें. तात्पर्य, जो स्नेह चारचौघांत उद्यांचा दिवस बांधून देतो, तोच चिरकाळाचा.

आमच्या पूर्वीच्या एका धर्मग्रामांत एका मुलीस सात वर्षें थांबवून ठेवण्यांत आलें. लग्नाचें वचन होतें. पण "पुढें पाहूं" यापलीकडे त्या मुलाच्या तोंडून तारीख निघत नव्हती. शेवटीं त्यानें दुसरीकडे लग्न केलें. ती रडत आमच्याकडे आली. परंतु दिलेल्या वचनावरून लग्नाची सक्ति धर्मकायदा करीत नाहीं, व तें योग्यच आहे. कारण सक्तीची संमति ही संमतिच नव्हे. एवढेंच आम्ही तिला सांगूं शकलों. खरी चूक त्याआधींची होती. सातही वर्षें तीं दोघें दर रविवारीं आमच्यासमोर बसत, आणि आम्हीं त्या मुलास एकदांही विचारलें नाहीं.

उलट, याच धर्मग्रामांतील एका जोडप्यानें लग्नापूर्वीं एकमेकांस दोनदांच पाहिलें होतें. पत्नीची दृष्टि जाऊन आज नऊ वर्षें झालीं. पति रोज सकाळीं वाडींतून फिरून येतो आणि कोणत्या केळीस घड आला, मोगऱ्यास किती कळ्या लागल्या, तें तिला सांगतो. लग्नाला किती वर्षें झालीं असें विचारलें, तर दोघांनाही बोटांवर मोजावें लागतें.

तरुणांनो, तुमच्या स्नेहास किती वर्षें झालीं, हें आम्हांस सांगूं नका. तो घरांत कोणाकोणास ठाऊक आहे, आणि आजारपणांत व बेकारींत तो टिकविण्यास तुम्ही तयार आहां काय, हें सांगा. शब्द पाळावयाचा नसेल, तर आजच स्पष्ट बोलून दुसऱ्यास मोकळें करा; तीही प्रीतीच होय. आईबापांनो, वेळींच विचारण्यास संकोचूं नका. आम्हीही यापुढें संकोचणार नाहीं.

परमेश्वर आपल्या घरांस सांभाळो.