प्रवेशामागचा उद्देश



धारवाडच्या जुन्या वस्तीत, भाडेकरू परगावी असताना, कौले फुटून पाणी आत शिरत असल्याची वर्दी मिळताच घरमालक आपल्या जवळच्या किल्लीने कुलूप काढून आत जातो आणि परतलेला भाडेकरू घरफोडीची फिर्याद घेऊन ठाण्यात जातो, तेव्हा ‘मालकी कोणाची?’ हा प्रश्न आपल्याला प्रथम सुचतो. परंतु 1860 च्या दंडसंहितेच्या 441 व्या कलमाने, तसेच तिच्या जागी 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या 329 व्या कलमाने संरक्षण दिले आहे ते ताब्याला, आणि त्यामुळे स्वतःच्याच घरात शिरलेला मालकही अतिक्रमणाचा अपराधी ठरू शकतो. मात्र त्यासाठी अपराध करण्याचा, किंवा ताबेदारास धाक घालण्याचा, अपमानित करण्याचा अथवा त्रास देण्याचा उद्देश सिद्ध व्हावा लागतो. कौले दुरुस्त करून मालक बाहेर पडला, की भांडीकुंडी रस्त्यावर काढून त्याने नवे कुलूप ठोकले, यावरून तो उद्देश ओळखावा.

सापडलेल्या किल्लीने दार उघडणे हीही कायद्याच्या लेखी घरफोडी होऊ शकते आणि खिडकीतून नुसता हात आत घातला तरी प्रवेश पुरा होतो; पण मुळात उद्देशच दूषित नसेल, तर यांतले काहीच गुन्हा होत नाही.

खरी अडचण आहे ती परिणामांच्या जाणिवेची. धारवाड मुंबई इलाख्यात होते त्या काळी, 1902 साली, मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बॅटी यांनी, अटळ परिणाम जाणून कृत्य करणाऱ्याचा उद्देशही तोच मानावा, असे मत दिले होते. पुढे पंजाबातील मथ्री खटल्यात, मुदत टळलेल्या वॉरंटावर जमिनीचा कबजा घ्यायला आलेल्यांविषयी निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की त्रास होईल एवढे ठाऊक असणे पुरेसे नाही. त्रास देणे हे प्रवेशाचे प्रधान प्रयोजन असले पाहिजे. ही जाणीव पुराव्यात विचारात घेता येते, पण ती उद्देशाची जागा घेऊ शकत नाही.

मला हा निर्णय अत्यंत न्याय्य वाटतो. हुबळीच्या बाजारपेठेत मुसळधार पावसात परक्या ओसरीवर अंग टाकणाऱ्या हमालाला, मालक रागावेल, हे पुरते ठाऊक असते. परंतु मालकाला डिवचण्यासाठी तो तेथे आलेला नसतो. तरीही अतिक्रमणाचा गुन्हा दखलपात्र असल्याने वॉरंटावाचून अटक होऊ शकते. म्हणूनच ‘आत का शिरलास?’ हा प्रश्न महिनोन्महिन्यांनी कोर्टात नव्हे, तर पहिल्याच रात्री ठाण्यात विचारला गेला पाहिजे आणि त्याचे उत्तर जबाबात जसेच्या तसे नोंदले गेले पाहिजे.