सुटले ते कसे?



दरोड्याच्या खटल्यातील आरोपी सुटले असे वर्तमानपत्रात वाचले, की आपल्या तोंडून पहिला उद्गार निघतो तो असा : 'पैसे चारले असतील!' हा उद्गार दर वेळी अनाठायीच असतो, असे आम्ही म्हणणार नाही. पण न्यायाधीश 'पुराव्याअभावी मुक्त' असे लिहितो, तेव्हा दरोडा पडलाच नाही असे त्याचे म्हणणे नसते. घर लुटले गेले, हे त्याला बहुधा मान्यच असते. प्रश्न एवढाच, की पिंजऱ्यात उभी असलेली माणसेच ती होती काय? 'असतील' आणि 'आहेतच' यांमधले अंतर लांबचे आहे, आणि ते सरकार पक्षाने भक्कम पुराव्यानेच तोडले पाहिजे, असे न्या. गजेंद्रगडकरांनी सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालात १९५७ सालीच बजावले होते.

आता हा पुरावा जमतो कसा, ते पाहा. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब १८७२ च्या कायद्याने आरोपीविरुद्ध चालत नसे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यानेही तोच नियम ठेवला. आरोपीने सांगितल्यावरून माल सापडला, तर तेवढाच भाग ग्राह्य. म्हणजे सारी भिस्त जप्तीच्या पंचनाम्यावर, आणि पंच तर साक्षीच्या वेळी फितूर होतात! (नव्या कायद्याने झडतीचे चित्रमुद्रण सक्तीचे केले, ते उगाच नव्हे.) उरली ओळखपरेड. परेडीपूर्वी आरोपी साक्षीदाराच्या दृष्टीस पडला, की तिची किंमत काडीची.

हे सारे वकिली काथ्याकूट वाटते ना? मग जालना जिल्ह्यातील एक खटला ऐका. २००३ साली दरोडेखोरांनी रात्री एका कुटुंबावर घाला घालून लूट केली, माणसे मारली. सहा जण पकडले गेले. सत्र न्यायालयाने २००६ साली सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली. पण २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशीच दिली. पुढे पुनर्विलोकन झाले आणि मार्च २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले. कारण काय? वाचलेल्या प्रत्यक्षदर्शी बाईने घटनेनंतर लगेचच पोलिसांकडील छायाचित्रांतून चार माणसे ओळखली होती. ती चारही या सहांहून निराळी! त्या चौघांकडे तपास वळलाच नाही.

सोळा वर्षे तुरुंगात गेलेल्या त्या सहा जणांना प्रत्येकी पाच लाख रुपये देण्याचा हुकूम झाला. पण आमच्या मनात त्या बाईचा विचार येतो. तिने बोट दाखवले ते एकीकडे, आणि खटला चालला दुसरीकडेच. तिने ओळखलेल्या चौघांचा तपास करा, असा आदेश त्याच निकालात आहे. तो निघाला २०१९ साली.