शेजारधर्म
(एका खेडेगावच्या चावडीपुढे रात्री झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दिवसभर राबून आलेल्या माणसास रात्री बसवून उपदेश पाजणे हा एक जुलूमच आहे. तो मी फार वेळ करणार नाही. मी काही शास्त्री नव्हे आणि पुराणिकही नव्हे. ट्रेनिंग कॉलेजात मुलांस बेरीज-वजाबाकी कशी शिकवावी एवढे शिकलो, व तेवढ्यावर पोट भरतो. आजचा विषयही बेरीज-वजाबाकीइतकाच साधा आहे. माणसाने शेजारच्या माणसाशी रोजच्या रोज दयेने कसे वागावे, एवढेच बोलावयाचे आहे. विषय साधा खरा, परंतु त्यात मी स्वतः नापास झालेला आहे. ती हकीकत आधी सांगतो, म्हणजे पुढे मी जे बोलेन ते उंच ओट्यावरून बोलतो आहे असे कोणास वाटणार नाही.

मागे एका गावी माझी नेमणूक होती. तेथे एका बऱ्या घरचे वडीलधारे काशीयात्रा करून आले, आणि त्यांनी मावंदे घातले. सारा गाव जेवला. बुंदीच्या परातींवर पराती फिरल्या, दक्षिणा वाटली, गंगेच्या पाण्याचे गडू घरोघर गेले. त्या पंगतीत मीही बसलो होतो व दोन वेळा बुंदी मागून घेतली. मांडवापासून चार घरे पलीकडे एक कुंभाराची आजी राहत असे. तिचा मुलगा व सून वीटभट्टीवर परगावी गेलेली. आजी तीन दिवस तापाने फणफणून एकटी पडली होती. तिच्या घरात पाण्याचा घोट भरून देणारे कोणी नव्हते. आणि गंमत पहा, त्या मांडवातले पाण्याचे माठ तिच्याच चाकावरचे होते! चौथ्या दिवशी माझ्या वर्गातली एक मुलगी म्हणाली, “गुर्जी, कुंभारआजीचं दार उघडंच हाय, पण ती उठत न्हाई.” तेव्हा आम्ही चौघे गेलो, तिला गाडीत घातले व दवाखान्यात नेले. वाटेत तिला जरा शुद्ध आली. माझ्याकडे पाहून ती म्हणाली, “जेवान बरं झालं का, मास्तर?”

तिने टोमणा मारला नव्हता. गावात जेवण झाले की असे विचारतात, म्हणून तिने विचारले. मला उत्तर देता आले नाही. ती बरी झाली, अजून चाक फिरवते. पण तो प्रश्न माझ्यापुढून गेला नाही.

त्या दिवशी गावात पुण्य पुष्कळ झाले, दया मात्र झाली नाही. पुण्य व दया या दोन निराळ्या वस्तू आहेत, हे आपल्या लोकांस कोणी सांगितलेच नाही. भिक्षुकशाहीने आपणास पुण्याचा बाजारभाव शिकविला. इतके दान दिले की इतके पाप धुतले जाते, अमुक तिथीस जेवण घातले की अमुक पिढ्या उद्धरतात. हा शुद्ध सौदा आहे, आणि सौद्यात समोरचा माणूस दिसत नाही, फक्त आपला नफा दिसतो. दयेत नफा नाही व तिला मुहूर्तही लागत नाही. ताप काही एकादशी पाहून येत नाही.

जोतीराव फुल्यांनी दयेवर नुसती व्याख्याने झोडली असती तर आज त्यांचे नाव आपण घेतले नसते. १८६३ साली त्यांनी व सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसलेल्या विधवांनी तेथे यावे, गुपचूप बाळंत व्हावे, मूल मारू नये, यासाठी. त्या विधवा बहुतेक ब्राह्मणांच्या घरच्या. ज्या घरांतून फुल्यांना शिव्याशाप येत, त्याच घरांतल्या लेकींची बाळंतपणे सावित्रीबाईंनी केली. १८७४ साली अशाच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला. तोच यशवंत. तो पुढे डॉक्टर झाला. १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांस खुला केला. आणि १८९७ च्या प्लेगात, बाप लेकराजवळ जावयास भीत होता त्या दिवसांत, सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तीतला एक आजारी पोर पाठीवर घालून दवाखान्यात आणला. त्यांना प्लेग झाला व १० मार्च रोजी त्या वारल्या. हौद, बाळंतपण, पाठीवरचे पोर, ही सगळी घरातली व गल्लीतली कामे आहेत. यात एक तरी काम असे आहे काय, की ज्यास राजाची तिजोरी लागते?

आता आपल्या शिवारात येऊ. पूर्वी इरजीक होती. ज्याच्या घरी मयत झाली, ज्याचा बैल मेला, जो दुखण्याने अंथरुणास खिळला, त्याच्या रानात गावची औते एका दिवशी जात व सगळे रान पालथे करून येत. मजुरी नाही, फक्त जेवण. हलगी वाजे, बैल चढाओढीने चालत. इरजीक मागे पडली, कारण बैल गेले व ट्रॅक्टर आले. ट्रॅक्टर आला याचे मला वाईट वाटत नाही, बैलांच्या मानेवरचे आवाळू मी पाहिलेले आहेत. परंतु ट्रॅक्टरवाला आज नंबर कसा लावतो ते पहा. मोठ्या रानाचा पहिला, वशिल्याचा दुसरा, आणि ज्या बाईचा नवरा गेला, जिचे दीड एकर आहे, तिचा सगळ्यात शेवटी. वाफसा काही तिच्यासाठी थांबत नाही. दोन-चार दिवस उलटले की ओल उडते, आणि उशिरा पेरलेल्या रानाचे काय होते ते तुम्ही मला शिकवाल. मी ट्रॅक्टरवाल्या बंधूंस एवढेच म्हणतो की भाडे पुरते घ्या, एक पैसाही सोडू नका, डिझेल फुकट मिळत नाही हे आम्हांस कळते. फक्त तिचा नंबर आधी लावा. दया म्हणजे फुकट देणे, ही समजूत काढून टाका. पुष्कळदा दया म्हणजे नुसते वेळेवर देणे असते.

कारागिरांचेही तेच. बलुते होते तेव्हा खळ्यावर सुतार-लोहारांस, चांभारास, परटास, न्हाव्यास धान्य मिळे. त्यातही रडवून देणारे होते, म्हणून बलुत्याचे गोडवे मी गाणार नाही. आता रोकड्याचा व्यवहार आला. पण रोकडा म्हणजे रोख, हे आपण विसरलो! सुताराने दार बसवून दिले की आपण म्हणतो, “बघू, बाजारादिवशी ये.” बाजारादिवशी म्हणतो, “ऊस गेल्यावर ये.” त्याच्या दहा चकरा होतात, आणि दर चकरेला त्याची मान थोडी खाली जाते. आपणाला वाटते आपण त्याचे पैसे बुडवले नाहीत, म्हणजे पाप नाही. अहो, त्या दहा चकरा कोणाच्या खात्यावर लिहावयाच्या?

यापेक्षाही स्वस्त गोष्ट सांगतो. हाक मारणे. आपल्या गावात काका, मामा, मावशी, आत्या ही नाती रक्ताची नसली तरी जोडतात, ही फार गोड चाल आहे. पण ही नाती गावकुसाच्या कडेला जाऊन थांबतात. मांगवाड्यातल्या सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्यास आपले दहा वर्षांचे पोर “अरे, इकडे ये” म्हणते, आणि आपण कौतुकाने पाहतो. मी शाळेत नेम केला की दारात कोणीही मोठे माणूस आले तर मुलांनी मामा किंवा मावशी म्हणावे, मग ते कोणाचेही असोत. दुसऱ्याच दिवशी एका मुलाचे वडील तावातावाने आले. “मास्तर, आता हे आमचे मामा का?” मी म्हटले, “पाटील, तुमच्या वाड्याची सनई लग्नात कोण वाजवतो?” म्हणाले, “तोच.” म्हटले, “मग लेकीच्या लग्नात जो वाजवतो तो मामा नाही तर कोण?” ते हसले नाहीत, निघून गेले. मुलगा मात्र अजून मामा म्हणतो.

हा विषय निघाला म्हणून कपाचेही बोलून टाकतो, मग कोणी रागवा. संविधान २६ जानेवारी १९५० रोजी अंमलात आले व त्यातल्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. पण काही घरांत पडवीच्या कोनाड्यात एक कान तुटका कप अजून पालथा घातलेला असतो. तो कोणासाठी असतो हे घरातले लहान मूलही जाणते. भटजीने आपल्यास शूद्र म्हटले की आपले रक्त उसळते, सभा भरवितो, ठराव करितो. आणि तोच कप आपल्याच पडवीत!

शाहू महाराजांचे चहाचे प्रकरण तुम्ही ऐकलेच असेल. १८९४ ते १९२२ ही महाराजांची कारकीर्द. त्यांच्या पागेत गंगाराम कांबळे म्हणून नोकर होता. पाण्याच्या हौदास शिवला म्हणून त्यास मार बसला. मारणारे भटजी नव्हते, आपल्यातलेच होते. हे आपण सांगताना गाळतो. महाराजांनी मारणाऱ्यांचा समाचार घेतलाच, पण तेवढ्यावर थांबले नाहीत. गंगारामाने कोल्हापुरात चहाचे दुकान घातले. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यावयास गिऱ्हाईक येईना. तेव्हा महाराजांची गाडी त्या दुकानापुढे थांबू लागली. स्वतः चहा मागवीत, पीत, व बरोबरच्या बड्या मंडळींसही पाजीत. राजाने प्याल्यावर प्रजेस सोवळे कसले राहते? हुकूम काढणे महाराजांस सोपे होते. त्यांनी कप उचलला.

आपल्या घरात तरी दया आहे काय? पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे मळतो, दुसऱ्या दिवशी त्यास पुरणपोळी चारतो, पाया पडतो; आणि तिसऱ्या दिवशी तीच पराणी, तीच आर. सुनेचे असेच आहे. सणाला तिची ओटी भरतो, पण रोज रात्री भाकरी करून, सर्वांस वाढून, ती शेवटी काय खाते हे कोणी पाहिले आहे? दुरडीत किती भाकरी राहिल्या, कोरड्यास उरले की नुसती चटणी, हे एकदा उठून पहा. या बाबतीत मी नवीनच शहाणा झालो आहे, म्हणून जास्त बोलत नाही. आमच्या घरी बोलणे झालेच तर माझी फजिती होईल.

बांधाचे भांडण मात्र अवघड आहे. सख्खे भाऊ एक वीत बांधासाठी वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात, बांधावरचे गवत वकिलाच्या घरी जाते. मी त्यांस “भांडू नका” म्हणणार नाही, कारण ते माझे ऐकणार नाहीत. पण एक मी पाहिले आहे. वैऱ्याच्या कडब्याच्या गंजीला आग लागली तर हाच भाऊ पहिली घागर घेऊन धावतो. म्हणजे दया आहे. ती आगीची वाट पाहत बसते. थोरली माणसे १९७२ च्या दुष्काळाची हकीकत सांगतात तीही अशीच. दुष्काळी कामावर पाटलाच्या घरची माणसे व मांगवाड्यातली माणसे एका रांगेत खडी फोडीत होती, एकच सुकडी खात होती. पाऊस झाला, पिके आली, आणि रांगा पुन्हा निराळ्या झाल्या. दुष्काळात जे जमले ते सुकाळात का जमत नाही, हे मी एका म्हाताऱ्यास विचारले. तो म्हणाला, “मास्तर, पोट भरलं की जात आठवती.” याला माझ्याजवळ उत्तर नाही.

परीटाच्या घरी १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा खराटा घेऊन गावात शिरत, दिवसा गाव झाडीत आणि रात्री कीर्तन करीत. पाया पडावयास आलेल्यास पडू देत नसत. आधी झाडणे, मग बोलणे, असा त्यांचा क्रम. आज माझ्याकडून तो क्रम उलटा झाला आहे. बोलून झाले, झाडणे राहिले. म्हणून आता कामाचे बोलतो.

आपल्या गावच्या एस. टी. थांब्यावर सावली आहे, पण पाणी नाही. परगावची माणसे, दवाखान्यास निघालेल्या बाया, उसाच्या टोळीची पोरे तेथे तासतास बसतात. मी मघा सांगितलेल्या त्या कुंभाराच्या आजीकडून एक मोठा रांजण आणला आहे. ती म्हणत होती, पैसे नकोत. मी त्याच दिवशी रोख किंमत तिच्या हातावर ठेवली, कारण चकरांबद्दल मघाशी एवढे बोललो. झाकण सुतारदादांनी केले आहे, त्यांचेही पैसे दिले. ओगराळे एकच राहील, लांब दांड्याचे, सर्वांस तेच. कोणी निराळा पेला तेथे ठेवला तर तो मी शाळेत आणून खडू ठेवण्यास वापरीन, हे आधी सांगून ठेवतो.

रांजण रोज सकाळी घासून भरावयाचा आहे. आठवड्याचे सात दिवस, सात घरे हवीत, आणि सातही एकाच आळीची नकोत. सोमवार माझ्या घराने घेतला आहे. मंगळवार कोण घेतो, ते उठून सांगावे. मी पाटीवर नाव लिहितो.