नव्या संसारातील तडा

लग्नाला वर्ष होत नाही तोच मुलगी माहेरी परत येते. कारण विचारले तर कोणी भाजीतील मिठाचे सांगतो, कोणी सासूच्या बोलण्याचे. मूळ बहुधा खोल असते. पतीने न सांगता तिचे दागिने गहाण टाकलेले असतात, किंवा लग्नापूर्वीचे कर्ज दडवलेले असते. मिठाचे भांडण संध्याकाळपर्यंत विरते. दडवलेल्या गोष्टीचे विरत नाही.

मग सरपंच, गुरुजी यांना बोलावणे येते. 'झाले गेले विसरा' असे सांगून मुलीला त्याच दिवशी सासरी पाठविले जाते. या घाईत तिच्या हितापेक्षा लोकलाजच अधिक असते. पतीने घडलेले स्वतःच्या तोंडाने सांगावे, दागिना केव्हा सोडवणार ते ठरावे आणि घरचा जमाखर्च दोघांनी मिळून पाहावा, एवढे तरी बैठकीत व्हावयास हवे. पत्नीला पुन्हा भरवसा वाटावयास काही महिने लागले, तर तो तिचा हट्ट समजू नये.

कायदाही घाई करीत नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यान्वये विवाहानंतर वर्षभर घटस्फोटाचा अर्ज एरवी करता येत नाही. १९८४ च्या कायद्याने समेटाचा प्रयत्न करणे हे कुटुंब न्यायालयाचे कर्तव्य ठरविले आहे.

मारहाण होत असेल तेथे मात्र बैठक भरवीत बसू नये. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्यामार्फत दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, आणि पहिली सुनावणी साधारणतः तीन दिवसांत ठेवावी लागते.