खर्जातला धडा

(हीरक महोत्सवी माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणावरून)



आज माझा आवाज आपल्यापर्यंत स्वच्छ पोहोचतो आहे. आमच्या वेळी तसे नव्हते. शाळेचा निर्वात नलिकांचा, म्हणजे व्हॉल्व्हचा, ध्वनिवर्धक सुरू केला की वक्त्याआधी तोच बोलू लागे. खर्जातले, एकसुरी ‘घूंऽऽ’. त्या आवाजाने मला जे शिकविले, ते सांगण्यासाठी मी उभा आहे.

मी नववीत होतो. स्नेहसंमेलनाच्या आदल्या संध्याकाळी ती घरघर असह्य झाली. ग्रामोफोन जोडला की सुरू, काढला की बंद. मी ध्वनिवर्धकाच्या प्लगमधील अर्थिंगची तार सोडवून टाकली. आवाज तत्काळ थांबला आणि मित्रांनी टाळ्या वाजविल्या. एवढ्यात विज्ञानाचे सर आले. त्यांनी प्लग उघडून पाहिला आणि शांतपणे म्हणाले, “अरे, दार करकरते म्हणून तू दारच काढून टाकलेस!”

मग त्यांनी समजावले. आतल्या ट्रान्सफॉर्मरचे विद्युतरोधन निकामी झाले, तर सांगाड्यावर 230 व्होल्ट येऊ शकतात. अर्थिंग असेल तर तो प्रवाह जमिनीत जातो आणि फ्यूज उडतो. नसेल तर तो माणसाची वाट पाहतो. दुसऱ्या दिवशी ईशस्तवन म्हणणाऱ्या पाचवीतल्या मुलीच्या हाती धातूचा मायक्रोफोन असणार होता. त्या रात्री मला झोप लागली नाही.

खरे कारण निराळे होते. दोन्ही यंत्रांना दोन निरनिराळ्या ठिकाणी अर्थिंग मिळत होते आणि त्यांना जोडणाऱ्या केबलच्या जाळीमुळे एक बंद वेटोळे तयार झाले होते. त्यात फिरणारा 50 हर्ट्झचा सूक्ष्म प्रवाह शेकडो पटींनी मोठा होऊन स्पीकरमधून ऐकू येत होता. सरांनी तार पुन्हा जोडली, दोन्ही प्लग एकाच बोर्डात लावले आणि केबल विजेच्या तारांपासून दूर नेली. घरघर जवळजवळ नाहीशी झाली.

“आधी ऐक, मग पेचकस उचल,” हा त्यांचा पाठ. आवाजाचे बटण कमी केल्यावर घरघर कमी झाली, तर दोष बटणाच्या अलीकडे. तशीच राहिली, तर पलीकडे, बहुधा वीजपुरवठ्यात किंवा शेवटच्या टप्प्यात. त्यानंतर सूर ओळखायचा. 50 हर्ट्झचा खोल सूर असेल, तर नलिका तापविणाऱ्या 6.3 व्होल्टच्या तारा किंवा ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र तपासायचे. त्या दोन तारा वेणीसारख्या पीळ घालून नेल्या, की त्यांची क्षेत्रे परस्परांना बरीचशी नाहीशी करतात. 100 हर्ट्झचा, म्हणजे एक सप्तक वरचा, सूर असेल, तर बहुधा वीजपुरवठ्यातील कपॅसिटर वाळलेले असतात. प्रत्यावर्ती विजेच्या प्रत्येक आवर्तनातून दोन ठोके निघतात आणि ते सपाट करणे हे कपॅसिटरचेच काम. पुढे एकदा तसेच झाले, तेव्हा सरांनी मलाच कोठीच्या बाजारात पाठवून नवे कपॅसिटर आणविले.

ते बसविण्यापूर्वीची त्यांची ताकीद आजही कानात आहे. यंत्र बंद केले, तरी कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट साठून राहतात. आधी रेझिस्टरमधून ते उतरवायचे, मीटरने खात्री करायची आणि मगच हात घालायचा.

पुढे ध्वनियंत्रणा हाच माझा व्यवसाय झाला. शाळेबाहेर तेलुगू, उर्दू, हिंदी कानी पडे. परंतु ‘असे का होते?’ हा प्रश्न मी प्रथम मराठीत विचारला आणि त्याचे उत्तरही मराठीतच मिळाले. हे ऋण मोठे आहे.

तो ध्वनिवर्धक आज प्रदर्शनात मांडला आहे. माझी एकच विनंती आहे. हौसेने तो सुरू करण्याआधी जुने कपॅसिटर बदलावेत आणि अर्थिंग तपासावे. थोडी घरघर उरली तरी चालेल. पण ती थांबविण्यासाठी कोणीही ती तार सोडवू नये.